चूल जिथं, नाव तिथं

या आठवड्याचं पत्र

बाई, नमस्कार.

माझं माहेर तासगाव तालुक्यात, सासर आटपाडी तालुक्यात. लग्नाला अडीच वर्षं झाली. मालकांचं तमिळनाडूत सेलमला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, दुकान आहे आणि लग्न झाल्यापासून मीही तिकडंच असते. दिवाळीला आणि खरसुंडीच्या यात्रेला गावी येतो, पंधरा-वीस दिवस राहतो, परत जातो. माझं मतदार कार्ड माहेरच्या नावाचं आणि माहेरच्या पत्त्याचं आहे. २०२४ च्या लोकसभेला माझं मत राहिलं, कारण मी सेलमला आणि नाव तासगावकडं.

मालकांचं नाव मात्र सेलमलाही आहे आणि गावालाही. ते म्हणतात, दोन्हीकडं असू दे, काही बिघडत नाही. सासूबाई म्हणतात, तुझं नाव गावातच घाल, ग्रामपंचायतीला एकेक मत लागतं, आणि गावातनं नाव गेलं की रेशन जातं, जमिनीतला हक्क जातो. धाकटे दीर म्हणतात, वहिनी तुम्ही नुसते कागद द्या, मी सगळं करून टाकतो. मला कळेना, माझं मत नेमकं कुठलं?

पुढच्या महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी जाणार आहे. मग माहेरचं कार्ड तसंच ठेवावं का? आमचे आजेसासरे ८७ वर्षांचे आहेत, अंथरुणावर असतात, त्यांचंही मत गेल्या वेळी राहिलं. आणि पुढं कधी मतदान आलं तर तान्हं बाळ घेऊन आत जाता येतं का?

– एक सूनबाई, आटपाडी तालुका

लेकी,

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. तुझं मत सेलमचं आहे. वर्षातले अकरा महिने तू जिथं झोपतेस, जिथं तुझी चूल पेटते, दूधवाला आणि शेजारीण जिथं तुला तोंडानं ओळखतात, तिथल्या यादीत तुझं नाव हवं. तिथली भाषा अजून जिभेवर नीट बसली नसेल, तरीही.

हे माझं मत नाही, कायद्याचं आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात शब्द आहे ‘सर्वसाधारण रहिवासी’. माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथंच त्याचं नाव लागतं. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये दोन गोष्टी सांगितल्यात आणि तुझं अख्खं पत्र त्या दोन गोष्टींत मावतं. पहिली, एखाद्या गावात घर मालकीचं आहे एवढ्यावर कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे आटपाडीकडचा वाडा तुमचा असला तरी तेवढं पुरत नाही. दुसरी, तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास संपत नाही. तू बाळंतपणाला चार-सहा महिने माहेरी राहिलीस म्हणून तू तासगावची होत नाहीस. म्हणून माहेरचं कार्ड ‘असू दे’ म्हणून ठेवायचं कारण उरत नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सुट्या करूया.

जमीन: सातबारा आणि वारसनोंद हे महसूल खात्याचं काम. त्याचा मतदार यादीशी काडीचा संबंध नाही. यादीतून नाव उतरलं म्हणून कुणाचा गुंठाही जात नाही. रेशनकार्ड पुरवठा खात्याचं, तेही वेगळं. ही भीती आपल्याकडं घराघरांत आहे, आणि तिच्यापायी माणसं वीस-वीस वर्षं न राहिलेल्या गावात नाव धरून ठेवतात. सासूबाईंना शांतपणे समजावून सांग. त्या तुझ्या वाईटावर नाहीत, त्यांना घरातलं माणूस गावातून पुसलं जाईल असं वाटतंय.

ग्रामपंचायतीचं मात्र त्या खरं बोलतात. ग्रामपंचायतीची वेगळी यादी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभागवार फोडतो. त्यामुळं सेलमला नाव लागलं की गावच्या सरपंचाला तू मत देऊ शकणार नाहीस. एका प्रभागात दोन-चार मतांनी निकाल फिरतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून त्यांची ओढ मला कळते. पण लेकी, नळाला पाणी कधी येतं, दवाखान्यात डॉक्टर असतो का, उद्या तुझ्या बाळाची अंगणवाडी कुठली, हे सगळं तुझ्यासाठी सेलमला ठरतंय. तिथल्या नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला तू कुणीच नसशील तर तुझं गाऱ्हाणं ऐकायला तो बांधील नाही.

उद्या दुकान आवरून गावी कायमचे परत आलात, किंवा बाळाच्या शाळेसाठी तू गावी राहायचं ठरवलंस, तर नाव परत आणता येतं. त्याला कुणी अडवत नाही. नाव माणसामागं जातं.

आता जावयांचं. ‘दोन्हीकडं असू दे’ हे त्यांनी आजच्या आज डोक्यातून काढावं. त्याच कायद्याची कलमं १७ आणि १८ सांगतात की एकाहून जास्त मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव असता कामा नये. नाव घालताना खोटं लिहून दिलं तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२४ ला तमिळनाडूचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि आपल्या सांगलीचं ७ मे ला. मधे अठरा दिवस. शाई फिकी होते, गाडीचं तिकीट काढता येतं. गलाईवाल्यांच्या, तसंच सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेलेल्या माथाडी कामगारांच्या घरांत ही गोष्ट ‘हुशारी’ म्हणून सांगितली जाते, हे मला माहीत आहे. पण १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ असं आहे की एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्हीकडची मतं बाद. एक मत जास्तीचं मिळवायला जाऊन माणूस हातातलंही घालवतो.

त्यांना एक ठिकाण ठरवू दे. सेलम ठेवायचं असेल तर गावच्या यादीतून स्वतःचं नाव कमी करायला सात नंबरचा फॉर्म भरायचा. तो स्वतःसाठी स्वतः भरता येतो आणि त्यात लाज नाही.

इथं थोडं माझं सांगते. माझं लग्न १९९० चं. लग्न होऊन गेली म्हणून माहेरच्या यादीतून माझं नाव काढलं आणि सासरी ‘बघू, घालू’ म्हणत कुणी घातलं नाही. १९९१ ची लोकसभा आली तेव्हा मी शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवत होते आणि माझं नाव महाराष्ट्रातल्या कुठल्याच यादीत नव्हतं. मतदानादिवशी घरातली सगळी बोटाला शाई लावून आली, मी भाकरी थापत बसले. त्या दिवसाचा राग अजून आहे, आणि तो दुसऱ्या कुणावर नाही, ‘घरातले बघतील’ म्हणून गप्प बसलेल्या माझ्या सवयीवर आहे. पुढं मी स्वतः बीएलओ, म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारी अधिकारी झाले, पंधरा-सोळा वर्षं दारोदार यादी घेऊन हिंडले, आणि दर वर्षी दोन-चार नव्या सुना अशाच मधल्यामधे हरवलेल्या सापडत. माहेरच्यांनी काढलेलं, सासरच्यांनी न घातलेलं नाव.

हे फार जुनं दुखणं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली. या बायका मुख्यतः उत्तरेकडच्या. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम धरलं की स्वतःचं नाव हवंच. आपल्या भागाची गोष्ट वेगळी होती. तुझं सासर ज्या आटपाडीत आहे ती औंध संस्थानात होती, आणि त्या संस्थानानं १९३९ मध्येच स्वराज्याची घटना करून गावाचे पंच निवडायचा अधिकार गावकऱ्यांना दिला होता. त्या मातीतल्या सुनेनं आपलं नाव दिराच्या हातात देऊ नये असं मला फार वाटतं. दीर चांगले असतील, कामाचे असतील. फॉर्म अपलोड करायला त्यांची मदत घे. पण मोबाईल नंबर तुझा टाक, ओटीपी तुला येऊ दे, अर्जाचा नंबर तुझ्या वहीत लिही.

आता प्रत्यक्ष काम. तुझं नाव आधीच एका यादीत आहे, म्हणून तुला सहा नंबरचा फॉर्म नको. तो ज्यांचं नाव कुठंच नाही त्यांच्यासाठी. लोक इथंच चुकतात, पत्ता बदलला की नवा सहा नंबर भरतात आणि दुबार नाव तयार होतं. तुला आठ नंबरचा भरायचा आहे, त्यात ‘निवासस्थान बदल’ हा पर्याय निवडायचा आणि जुन्या कार्डाचा नंबर घालायचा. अर्ज नव्या ठिकाणच्या, म्हणजे सेलमच्या नोंदणी अधिकाऱ्याकडं जातो. मतदार सेवा पोर्टलवरून किंवा आयोगाच्या मोबाईल ॲपवरून घरबसल्या होतो, नाहीतर तिथल्या बीएलओकडं कागदावर दे. काही अडलं तर १९५० हा नंबर फिरव.

पत्त्याच्या पुराव्याचं अवघड वाटत असेल, कारण भाडेकरार, गॅस, वीज सगळं जावयांच्या नावावर असणार. पण नवऱ्याचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल तर त्याच्या नावचा कागद तुला चालतो. नोंदणी केलेला भाडेकरार, गॅसचं किंवा विजेचं बिल, बँकेचं पासबुक, आधार, यातलं काहीही. तुझ्या आधारवर सेलमचा पत्ता आधीच असेल तर तेवढंच पुरे. म्हणून जावयांनी सेलमचंच नाव ठेवावं असं मला वाटतं, दोघांचं काम एका पत्त्यावर सुटतं.

माहेरचं आडनाव बदलायचं असेल तर तो वेगळा आठ नंबर, ‘नोंदीत दुरुस्ती’चा. आधी पत्ता होऊ दे, मग नाव. आणि नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. माहेरच्या नावानं मत देणाऱ्या बायका मी कितीतरी बघितल्या. ते तुझं तू ठरव.

अर्ज दिला की बीएलओ घरी येऊन बघतो. तुम्ही यात्रेला गावी गेला आणि घराला कुलूप असेल तर अर्ज तसाच पडतो, म्हणून बाळंतपणाला निघायच्या आधी हे काम उरक. तेवढ्यात जमलं नाही तर परत गेल्यावर कर, पण निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नकोस. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव जातच नाही, आणि हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच दार बंद झाल्यात जमा असतं. दर निवडणुकीला त्या आठवड्यात तहसील कचेरीत रडणारी माणसं मी बघितलीत.

आणखी एक सावधगिरी. २०२५ पासून आयोगानं राज्याराज्यांत याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू केलंय, तमिळनाडूत ते त्या नोव्हेंबरात लागलं. असं पुनरीक्षण असेल तेव्हा घरोघर फॉर्म येतात. सेलमला तू भरलास आणि गावाकडं दिरांनी तुझ्या वतीनं भरला, असं होऊ देऊ नकोस. फोन करून सांगून ठेव.

घरात अठरा पूर्ण होत आलेली धाकटी नणंद असेल तर तिलाही हे पत्र वाचायला दे. आता वर्षातून एकदाच, १ जानेवारीलाच, वय मोजत नाहीत. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्या मुलीला अर्ज आधीच देऊन ठेवता येतो. तिला सहा नंबर.

मतदानाच्या दिवसाचं तुला थोडक्यात सांगते, कारण सेलमला तुझं ते पहिलंच मतदान असेल. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की धर: कार्ड म्हणजे मत नव्हे, यादीत नाव म्हणजे मत. खिशात झकास कार्ड आणि यादीत नाव नाही, अशा माणसाला केंद्राध्यक्ष म्हणून मला स्वतःला परत पाठवावं लागलंय. बिचारा चाळीस किलोमीटरवरून आला होता. उलट नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर अडत नाही, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, यातलं एक दाखवायचं. नुसती मतदार चिठ्ठी मात्र ओळखपत्र म्हणून चालत नाही. चिठ्ठीचा उपयोग यादी भाग आणि अनुक्रमांक सापडायला.

आत गेलीस की पहिला अधिकारी तुझं नाव मोठ्यानं वाचेल. तमिळ उच्चारात तुझं नाव ओळखू येणार नाही कदाचित, म्हणून अनुक्रमांक पाठ करून जा. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावेल आणि रजिस्टरवर सही घेईल. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करेल. यंत्रावर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह असतं, त्यामुळं लिपी येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. बटण दाबलं की शेजारच्या खिडकीत कागदाची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती बघितल्याशिवाय हलू नकोस. कुणीच पसंत नसेल तर शेवटचं बटण ‘नोटा’चं, ते २०१३ पासून आहे.

आणि समजा अधिकारी म्हणाला, तुमचं मत आधीच कुणीतरी देऊन गेलंय. रडत घरी यायचं नाही. ‘प्रदत्त मत’ मागायचं. ओळख पटली की ते तुला कागदी मतपत्रिका देतात आणि पाकिटात बंद करून ठेवतात. हे बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं.

दुकानात कामाला असलेल्या पोरांना, त्यांचं मत असेल त्या दिवशी, भरपगारी सुट्टी द्यायची असते हेही जावयांच्या कानावर घाल. कायद्यात तसं कलम आहे आणि छोट्या दुकानांनाही ते लागू आहे.

आता आजेसासरे. मला तुझ्या पत्रातली ही ओळ सगळ्यात जास्त लागली. २०२४ पासून ८५ च्या पुढच्या माणसांना, आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना, लोकसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी ‘१२ डी’ नावाचा फॉर्म असतो. तो बीएलओ घरी आणून देतो, पण निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून परत जावा लागतो. पाच दिवस म्हणजे काहीच नाही. गेल्या वेळी तिथंच राहिलं असणार. मग पथक घरी येतं, मतपत्रिका देतं, ते गुप्तपणे खूण करतात, पाकीट बंद होतं. एकदा हा मार्ग घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

एक काम आत्ताच कर. यादीत त्यांचं वय किती लिहिलंय ते बघ. जुन्या माणसांची वयं अंदाजानं लिहिलेली असतात. खरं वय ८७ आणि यादीत ८१ असेल तर त्यांचं नाव ८५ च्या यादीत येणारच नाही आणि फॉर्मही दारात येणार नाही. तसं असेल तर आठ नंबरनं दुरुस्ती करून घ्या. हे काम दिरांना सांग, तालुक्याला जाणं-येणं त्यांचंच आहे. त्यांचा उत्साह इथं खरोखर कामी येईल.

सासूबाईंना नजर कमी असेल तर सोबत अठरा वर्षांवरचं घरचं माणूस नेता येतं, बटण दाबायला मदत म्हणून. पण एका माणसाला एकाच मतदाराची सोबत करता येते, हे लक्षात असू द्या.

जाता जाता, आपल्या जिल्ह्याबद्दल वाचक नेहमी विचारतात म्हणून लिहिते. तुझं माहेर आणि सासर दोन्ही सांगली लोकसभेतच येतं, विधानसभा मात्र बहुधा वेगवेगळ्या: तासगाव-कवठेमहांकाळ आणि खानापूर. वाळवा आणि शिराळा तालुके जिल्ह्यानं सांगलीचे, पण लोकसभेला हातकणंगल्यात. तसंच सातारा जिल्ह्यातले माण आणि फलटण माढ्यात. नाव शोधताना जिल्ह्याच्या नावावर जाऊ नका.

राहिलं बाळ. हो, कडेवरचं मूल घेऊन खुशाल आत जा, त्याला परवानगी लागत नाही. बायकांची रांग वेगळी असते आणि एका पुरुषामागं दोन बायकांना आत सोडायची पद्धत आहे. गर्दी असेल तर दारावरच्या अधिकाऱ्याला ‘कैकुळंदै’ म्हण. तमिळमध्ये तान्ह्या बाळाला तसं म्हणतात. तो तुला पुढं घेईल. दुपारच्या उन्हात जाऊ नकोस, सकाळी सातला रांग लहान असते. बाळाच्या डोक्याला टापरं बांध आणि पाण्याची बाटली घे.

– तुझी बाई